पहिला मोहोर

मागच्या अंकात फिलिपिन्सची टेनिसपटू अलेक्झांड्रा इआला हिच्यावर मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. एरवी या सदराला गुडघेदुखीची आणि मुलांच्या उंचीची पत्रं येतात. या वेळी टपालात टेनिसच टेनिस : देवगड, गुहागर, अलिबाग, दापोली, चिपळूण. मला फार बरं वाटलं. रत्नागिरीत पंचवीस वर्षं मुलींना टेनिस शिकवतेय, आणि 'कोकणात कुठलं आलंय टेनिस' हे वाक्य अजून आठवड्याला एकदा तरी कानावर पडतं. त्यांतली पाच पत्रं इथे घेते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आमची देवगडजवळ हापूसची साठ कलमं आहेत. मुलगी तेरा वर्षांची. आठवड्यातून चार दिवस मी तिला एसटीने टेनिसला नेते. चौदा वर्षांखालच्या गटात ती राज्य पातळीवर दोनदा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. आता तिचे कोच म्हणतात, पुण्याला अकॅडमीत ठेवा, नाहीतर वय निघून जाईल. हॉस्टेल, फी, स्पर्धा धरून वर्षाचा आकडा आमच्या सगळ्या बागेच्या उत्पन्नाच्या वर जातो. हे म्हणतात, कलमं गहाण ठेवू. मला रात्रीची झोप नाही. तुम्ही इआलाबद्दल लिहिलेलं तिने कापून भिंतीवर चिकटवलंय. काय करू? — एक आई, देवगड

उत्तर : ताई, कलमं गहाण ठेवू नका. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

नवं कलम लावलं की पहिली तीन-चार वर्षं त्याला मोहोर आला तर तुम्ही काय करता? खुडता. जीव तुटतो, पण खुडता. कारण त्या वयात फळ धरू दिलं तर झाड खुरटतं, हे तुम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. महिला टेनिसला मात्र ते फार महाग पडून शिकावं लागलं. १९९० साली अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती चौदावं पुरं व्हायच्या आत व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, १९९२ ला बार्सिलोनात ऑलिंपिकचं सुवर्ण. आणि १९९३ च्या अखेरीला, सतराव्या वर्षी, खेळच नकोसा होऊन ती बाहेर. परत येऊन २००१ साली तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, पण मधली वर्षं कुणी भरून दिली नाहीत. तिच्यासारख्या मुलींची होरपळ बघून वयाचा नियम कडक झाला. आज चौदा पूर्ण झाल्याशिवाय व्यावसायिक स्पर्धेत नाव घालता येत नाही. चौदा ते सतरा या वयात वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या त्याला मर्यादा आहे, ती वयाबरोबर सैल होत जाते आणि अठराव्या वर्षी उठते.

म्हणजे तुमच्या लेकीला आज व्यावसायिक खेळाडू व्हायचं म्हटलं तरी नियमच होऊ देणार नाही. मग वय निघून जातंय ते कुठलं? ती घाई कोचची आहे. मुलीची नाही, खेळाचीही नाही.

आता ती भिंत. तिथे इआलाची अर्धीच गोष्ट लागलीय, तो दोष माझा, कारण मी तेवढीच लिहिली. उरलेली लिहून द्या तिला. इआलाला रॅकेट धरायला आजोबांनी शिकवलं. तेराव्या वर्षी ती घर सोडून स्पेनला मायोर्काच्या राफा नदाल अकॅडमीत गेली हे खरं, पण गेली ती शिष्यवृत्तीवर. २०२१ च्या जानेवारीत, पंधराव्या वर्षी, तिने मनाकोरला पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकली. ती डब्ल्यू-१५, म्हणजे सगळ्यांत खालची पायरी. मग चार वर्षं त्याच शिडीवर. २०२२ ला यूएस ओपनची मुलींची विजेती झाली, तरीही तीच शिडी. २०२५ च्या मार्चमध्ये मायामीला ती क्रमवारीत १४० वी होती, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर आली, आणि ओस्टापेन्को, मॅडिसन कीज, इगा श्वियाँतेक अशा ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी) जिंकलेल्या तिघींना हरवून उपांत्य फेरीत गेली. आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं ते एवढंच.

या शिडीचा पैशाचा हिशेब तुमच्या यजमानांनाही वाचून दाखवा. डब्ल्यू-१५ ला एकूण बक्षीस १५,००० डॉलर. ते एकेरी, दुहेरी, सगळ्या मुलींत वाटायचं. एकेरी जिंकणाऱ्या मुलीच्या हातात साधारण २,३०० डॉलर येतात. पहिल्याच फेरीत हरली तर दीडशेच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये, आणि त्यातून कर कापायचा. तेवढ्यात आठवडाभराचं हॉटेल, जेवण, गटिंग (रॅकेटच्या तारा) आणि परतीचं तिकीट बसवून बघा. नाही बसत. दुसऱ्या टोकाला, २०२५ च्या विंबल्डनमध्ये पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीलाही ६६,००० पौंड मिळाले, सत्तर लाख रुपयांच्या वर. तिथे मुख्य ड्रॉ (लढतींची यादी) १२८ जणींचा, त्यात क्रमवारीवर थेट घेतात त्या १०४. म्हणून शंभराच्या आतबाहेर असण्याला एवढं महत्त्व. त्या रेषेच्या बाहेर बहुतेक मुली खिशातून खेळतात.

अंकिता रैनाचं नाव तुमच्या मुलीला माहीत असेल. अहमदाबादची मुलगी, पुण्यात राहून घडली. मार्च २०२० मध्ये ती जगात १६० वी होती. ती तिची सर्वोत्तम जागा, वय सत्तावीस. भारतात पहिली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्यपदक. तरीही ग्रँड स्लॅमच्या एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये तिचं नाव एकदाही लागलं नाही. मला ती थोर वाटते. पण तुमची कलमं तारण ठेवायची असतील, तर थोर होऊनही आकडा कुठे थांबू शकतो ते तुम्हाला ठाऊक हवं.

आणि एक माझ्या घरचं सांगते. मी चौदा वर्षांची असताना वडिलांबरोबर कोल्हापूरला स्पर्धेला गेले होते. वडील एसटीत कंडक्टर, त्यामुळे प्रवास पासावर. दुसऱ्या फेरीत मी तिसऱ्या सेटमध्ये ६-४ ने हरले. परतीच्या गाडीत वडील एक शब्द बोलले नाहीत. मलकापूर गेलं, आंबा घाट उतरला, साखरप्याला त्यांनी मला ग्लासभर दूध घेऊन दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. मी ठरवून टाकलं की यांना माझी लाज वाटते. पुढची दोन वर्षं मी बॉल नुसता पलीकडे ढकलत खेळले, चूक होऊ नये म्हणून. निवृत्त झाल्यावर एकदा ओटीवर बसले असताना त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणाले, "लॉजचे पैसे एकाच रात्रीचे होते गो. तू जिंकली असतीस तर दुसऱ्या रात्री कुठे टेकायचं, हा घोर होता. तू हरलीस नि मला सुटल्यासारखं झालं. तुझ्याकडे बघायला तोंड नव्हतं."

अठरा वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. ताई, पैशाचं मुलीपासून लपवू नका. तेरा वर्षांच्या मुलीला बागेचा हिशेब कळतो. कळत नाही ती आईबापाची गप्प बसलेली तोंडं.

आता करायचं काय? तिला पंधरा पुरी होईपर्यंत घरीच ठेवा. आठवड्याला टेनिसचे तास वयाच्या आकड्याहून जास्त नकोत. क्रीडावैद्यकातला तो साधा ठोकताळा आहे, म्हणजे आज तिला तेरा तास पुष्कळ झाले. उरलेल्या वेळात पोहू दे, शाळेत खो-खो खेळू दे. खो-खोतल्या बसण्या-उठण्याने आणि खांबाला मारलेल्या वळणाने पाय जे तयार होतात ते कुठल्या अकॅडमीच्या फीत मिळत नाहीत. पुण्याला दिवाळीच्या सुटीत तीन आठवडे पाठवून बघा (मे महिन्यात पेट्या भरायच्या सोडून तुम्हाला हलता येणार नाही, ते मला माहीत आहे). पैसे भरण्याआधी तिथे उभ्या राहून दोन सकाळी काढा आणि मोजा : एका कोर्टवर किती मुलं आहेत, तिच्या तोडीचं रोज खेळायला कोण आहे, आणि बाहेरगावच्या स्पर्धेला बरोबर कोण जातं. एका कोर्टवर आठ मुलं रांगेत उभी असतील, तर तेवढं टेनिस तिला तुमच्या एसटीच्या वाटेवरही मिळतंय.

यजमानांना माझा नमस्कार सांगा. लेकीसाठी कलमं गहाण टाकायला निघालेल्या बापाबद्दल मला आदरच आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७४. नातीमुळे मोबाइलवर टेनिस पाहू लागलो. एक खेळाडू गेल्या आठवड्यात हरली नाही, खेळलीच नाही, तरी क्रमवारीत खूप खाली घसरली. हा कुठला न्याय? शिवाय, आपल्या देशातल्या स्त्रिया हा खेळ केव्हापासून खेळतात? — गुहागर

उत्तर : गुरुजी, तुमच्याच भाषेत सांगते. समजा, वर्षभर दर आठवड्याला एक परीक्षा आहे. मिळालेले गुण बरोबर बावन्न आठवडे वहीत राहतात, त्रेपन्नाव्या सोमवारी खोडले जातात. गेल्या वर्षी याच आठवड्यात भरघोस गुण मिळवले असतील आणि यंदा त्या परीक्षेला बसलंच नाही, तर गुण गेले. ते पुन्हा तेवढेच मिळवण्याला टेनिसमध्ये पॉइंट राखणं म्हणतात. एकेरीत वर्षातले जास्तीत जास्त अठरा निकाल धरतात. ग्रँड स्लॅम जिंकली तर २,००० पॉइंट, डब्ल्यू-१५ जिंकली तर १५. आणि क्रमवारीत नाव लागायलाच तीन स्पर्धांत पॉइंट मिळवावे लागतात, किंवा एकूण दहा तरी.

ब्रिटनच्या एमा राडुकानूचं बघा. २०२१ च्या यूएस ओपनला ती १५० वी होती. पात्रता फेरीपासून दहा सामने, एकही सेट न हरता विजेती. अशी गोष्ट खेळात त्याआधी झाली नव्हती. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत हरली, दोन हजारांच्या आसपास पॉइंट एका फटक्यात खोडले गेले, आणि अकराव्या जागेवरून ती ऐंशीच्या पलीकडे गेली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. चढणारी मुलगी म्हणून आपण जिचं कौतुक करतो, ती गेल्या वर्षीच्या स्वतःशीच शर्यत लावून असते. न्याय म्हणाल तर कठोर आहे, पण लबाड नाही : जुन्या नावावर कुणाला बसून राहता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाने मला आनंद झाला. १९३४ साली लीला राव यांनी विंबल्डनला एकेरीचा सामना जिंकला. तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची आई पंडिता क्षमा राव संस्कृतात लिहिणारी, आणि स्वतः टेनिस खेळणारी. आणि क्षमाबाईंचे वडील म्हणजे तुकारामबोवांच्या गाथेचे संपादक शंकर पांडुरंग पंडित. गाथेच्या घरातली नात विंबल्डनला! नातीला हे नक्की सांगा. त्यानंतर निरुपमा वैद्यनाथन १९९८ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये एक सामना जिंकली, आणि २००७ ला सानिया मिर्झा एकेरीत २७ व्या जागेवर पोचली. तिच्या वर आजवर आपली कुणी गेलेली नाही.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची. मोठी रॅकेट घेतली तर चार वर्षं चालेल का? आणि पावसाळ्यात काय करायचं? — अलिबाग

उत्तर : नाही चालणार. मोठ्या रॅकेटने मनगट आणि खांदा दोन्ही बिघडतात, आणि एकदा चुकीचा पडलेला सर्व्ह सुधारायला दुप्पट काळ जातो. उभं राहून हात खाली सोडला की रॅकेटचं टोक जमिनीला घासता कामा नये. आठव्या वर्षी बहुतेक मुलींना २३ इंची पुरते, उंच असेल तर २५. बॉल पिवळा नको. आधी लाल, तो ७५ टक्के हळू असतो, मग नारिंगी, मग हिरवा. पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोर्टवर शेवाळ, त्यावर मुलीला उतरवू नका. पडवीत दोरीच्या उड्या आणि गिलावा केलेल्या भिंतीवर फोरहँड-बॅकहँड. नुसत्या चिऱ्याच्या भिंतीवर नको, जांभ्याच्या भोकांवरून बॉल वेडावाकडा येतो आणि लहान मूल चिडतं.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. स्पर्धेला पांढरा स्कर्ट लागतो. पाळीच्या दिवसांत मला सगळा वेळ तेच डोक्यात असतं. मागच्या वेळी मी पाय मुरगळल्याचं खोटं सांगून मॅच सोडली. सर पुरुष आहेत, त्यांना कसं सांगू? कृपया नाव छापू नका. — दापोली तालुका

उत्तर : बाय गो, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. हे पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा मला माझ्या हातून सुटलेल्या मुली आठवल्या. चौदा-पंधराव्या वर्षी त्या एकदम यायच्या बंद झाल्या. घरून सांगितलं गेलं, अभ्यास आहे. त्यांतल्या किती जणींचं कारण तुझंच असेल कोण जाणे. मी तेव्हा विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुझी भीती एकटीची नाही. विंबल्डनसारख्या ठिकाणी, जिथे बुटाच्या तळव्यापर्यंत पांढरं लागतं, तिथेही खेळाडू बायका वर्षानुवर्षं हेच डोक्यात घेऊन खेळत होत्या. त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि २०२३ पासून तिथे पांढऱ्या स्कर्टच्या आत गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी मिळाली. विंबल्डनला चालतं ते तुझ्या स्पर्धेला न चालायला काय झालं? निळी किंवा काळी सायकलिंग शॉर्ट आतून घाल. कुणी हरकत घेतली तर माझं हे पान दाखव.

२०२२ च्या फ्रेंच ओपनला चीनची जंग चिनवेन, एकोणीस वर्षांची, श्वियाँतेकविरुद्ध पहिला सेट टायब्रेकवर जिंकली. तेव्हा श्वियाँतेकला कुणी हरवत नव्हतं. मग चिनवेनला पाळीच्या कळा सुरू झाल्या आणि पुढचे दोन सेट ६-०, ६-२ असे गेले. सामन्यानंतर सगळ्या जगाच्या पत्रकारांपुढे तिने कारण सरळ सांगितलं, की हे बायकांचं दुखणं आहे. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये, त्याच मैदानावर, त्याच श्वियाँतेकला उपांत्य फेरीत हरवून तिने सुवर्णपदक घेतलं.

तुझ्या सरांना आईकडून किंवा शाळेतल्या बाईंकडून एकदाच सांगू दे; चांगल्या कोचला हे माहीत हवंच असतं, त्या दिवशीचा सराव त्याला बदलता येतो. सेट संपला की पंचांकडे टॉयलेट ब्रेक मागता येतो. तो तुझा हक्क आहे, मेहेरबानी नाही. बॅगेत जादा शॉर्ट, पॅड आणि एक छोटा टॉवेल कायम असू दे. आणि अगदी उलटं काही झालं, म्हणजे सराव वाढला आणि पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर सुटले असं मानू नकोस. अंगाला जेवण कमी पडतंय याची ती खूण असते, त्यातून हाडं कमजोर होतात. लगेच डॉक्टरकडे जायचं. नाचणीची भाकरी, मासे, डाळ, पोटभर. वजनाच्या गोष्टी करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

आणि ती मॅच सोडलीस म्हणून मनाला खाऊ नकोस.

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांची. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) तीन जे-३०, म्हणजे ज्युनियरच्या सगळ्यांत खालच्या पायरीच्या स्पर्धा खेळले, तिन्हींत पहिल्याच फेरीत हरले. शेवटच्या मॅचला पहिला सेट माझा, दुसऱ्यात ४-१ पुढे, आणि तिथून हरले. तेव्हापासून झोपेतही ४-१ दिसतं. बाबा म्हणतात, आता बारावी कर, झालं तेवढं पुरे. मी टेनिस सोडू का? — चिपळूण

उत्तर : नाही. आणि बाबांवर रागावू नकोस, बारावीचं ते बरोबर बोलतायत. दोन्ही उत्तरं एकमेकांच्या आड येत नाहीत, कसं ते सांगते.

आधी पहिल्या फेरीचं. बत्तीस मुलींचा ड्रॉ असतो. पहिली फेरी संपली की सोळा जणी बॅगा भरतात. आठवडा संपताना एकतीस हरलेल्या असतात आणि एक जिंकलेली. पुढच्या आठवड्यात दुसरं गाव, पुन्हा एकतीस. ज्यांना आपण यशस्वी म्हणतो त्या मुलींचेही वर्षाचे बहुतेक आठवडे पराभवानेच संपतात. हा धंदाच तसा आहे. म्हणून मी मुलगी पुढे जाईल की नाही हे तिच्या फोरहँडवरून बघत नाही, हरल्यानंतरची तिची दुसरी सकाळ बघते.

२०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईला चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर डब्ल्यूटीए-१२५, म्हणजे डब्ल्यू-१५ च्या बऱ्याच वरच्या पायरीची व्यावसायिक स्पर्धा होती. रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरले आणि बहिणीकडे डोंबिवलीला मुक्काम ठोकून पात्रता फेरीपासून बघितली. कोइमतूरची माया राजेश्वरन, पंधरा वर्षांची, पात्रता फेरीतून वर येऊन थेट उपांत्य फेरीत गेली. तिथे स्वित्झर्लंडच्या जिल टाइशमनने तिला थांबवलं, आणि पुढे स्पर्धाही तिनेच जिंकली. मायाचा खेळ मी विसरणार नाही, बॉल वर चढतानाच घेते ती, मागे सरकत नाही. पण तुला सांगायचं आहे ते दुसऱ्याच मुलीचं. नाव मला माहीत नाही, कुठून तरी दूरच्या देशातून आली होती. पात्रता फेरीत हरली. मागच्या बाजूला बसून तिने एक केळं खाल्लं, बुटाच्या नाड्या सोडल्या, मोबाइलवर बराच वेळ काहीतरी बघत राहिली, बहुतेक तिकीट. मग नाड्या परत बांधल्या आणि मोकळ्या कोर्टवर जाऊन बादलीभर सर्व्ह मारले. सगळे एकाच कोपऱ्यात. त्या दिवशी तिला कुठला सर्व्ह दगा देत होता ते मला तेवढ्यावरून कळलं. याच क्लबवर २०१७ ला एकोणीस वर्षांची आरिना साबालेन्का जिंकून गेली होती, तेव्हा तिला आपल्याकडे कोण ओळखत होतं? सहा वर्षांनी ती जगात पहिली झाली.

आणि ४-१ पेक्षा मोठा घाव ऐक. १२ जुलै २०२५, विंबल्डनची अंतिम फेरी. अमांडा अनिसिमोव्हा श्वियाँतेककडून ६-०, ६-० हरली. सत्तावन्न मिनिटं, एकही गेम नाही, सगळं जग बघतंय. हीच मुलगी २०२३ मध्ये मन थकलं म्हणून कित्येक महिने टेनिसपासून लांब होती, २०२४ ला विंबल्डनच्या पात्रता फेरीतच अडली होती. त्या अंतिम सामन्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, आणि यूएस ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत समोर पुन्हा श्वियाँतेक. अनिसिमोव्हा ६-४, ६-३ ने जिंकली. त्या पहाटे मी एकटीच टीव्हीपुढे होते, उठून उभी राहिले.

बारावी आता. नीट दे. टेनिस आणि शिक्षण एकाच बॅगेत घेऊन जाता येतं अशी एक वाट आहे, अमेरिकेतल्या विद्यापीठांची. चांगल्या मुलींना तिथे शिष्यवृत्ती मिळते, वर्षभर स्पर्धा मिळतात, आणि पदवी हातात येते. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकून, खेळून परत आली, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. डॅनिएल कॉलिन्स विद्यापीठातून आली आणि २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. ते प्रशिक्षक क्रमवारी बघतात, तसेच मार्क आणि मॅचचे व्हिडिओही बघतात. म्हणजे बाबांना हवे असलेले मार्क तुझ्या टेनिसच्याच कामाचे. हे बाबांना वाचून दाखव. सतरावं हे उशिराचं वय नाही. वर देवगडच्या ताईंना लिहिलंय तेही वाच.

राहिलं ४-१. पाच गेम झाले की बाजू बदलतात, म्हणजे तू तेव्हा खुर्चीवर बसलीस. नव्वद सेकंद. त्या नव्वद सेकंदांत तुझ्या डोक्यात काय आलं ते मला हवंय. बहुतेक मुलींच्या डोक्यात तेव्हा पुढची फेरी येते, बाबांना करायचा फोन येतो, आणि उठल्यावर त्यांचा सर्व्ह दहा टक्क्यांनी हळू पडतो. हवा दमट असेल तर तोवर बॉलची लव फुललेली असते, तो जड झालेला असतो. हळू मारलेला सर्व्ह समोरचीच्या रॅकेटवर आयता जाऊन बसतो. तुझं असंच झालं की दुसरं काही, हे पत्रातून कळत नाही.

आमच्या कोर्टवरचं शेवाळ आम्ही घटस्थापनेला घासायला घेतो आणि दसऱ्याला कोर्ट उघडतो. चिपळूणहून रत्नागिरी दोन-अडीच तासांची वाट आहे. त्यानंतरच्या कुठल्याही रविवारी सकाळी सातला ये, बाबांनाही घेऊन ये. पहिला सेट तुझा, दुसऱ्यात ४-१ तू पुढे, इथून सुरू करू. समोर माझी सोळा वर्षांची मुलगी उभी करते, ती सोडणारी नाही. आधी तुला नव्वद सेकंद खुर्चीवर बसवीन. मग सर्व्हिस तुझी.